सैनिकाचे दात आणि नागरी दंतवैद्य

लष्कराने शिपायाच्या दातांकडे पहिल्यांदा लक्ष दिले ते बंदुकीपायी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पायदळाकडे ठासणीची बंदूक होती. एका बाराची दारू आणि गोळी कागदी पुडीत बांधलेली असे, तेच काडतूस. शिपायाचा एक हात बंदुकीला आणि एक हात पुडीला गुंतलेला, म्हणून पुडीचे टोक दातांनी फाडायचे, चिमूटभर दारू रंजकासाठी ठेवायची, उरलेली नळीत ओतायची आणि गजाने ठासायची. ही कवायत दिवसातून कितीही वेळा बिनचूक करायची तर समोरचे दात वर-खाली शाबूत हवेत. त्यामुळे भरतीच्या वेळी डॉक्टर तोंड उघडायला सांगे आणि पटाशीचे दात पाहून पुढे सरके. दाढा किडलेल्या असल्या, हिरड्या सुजलेल्या असल्या तरी त्याला फारसे कर्तव्य नसे.

या अटीचा एक उलटा परिणामही झाला. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये सक्तीची भरती टाळण्यासाठी तरुण समोरचे दात मुद्दाम पाडून घेत. दात काढणाऱ्याचा धंदा त्यामुळे काही ठिकाणी भरतीच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आला. नागरी दंतवैद्य आणि सैन्य यांचा इतिहासात आलेला हा एक जुना संबंध असा काहीसा चोरटा आहे. दुसरा त्याहून विचित्र. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे निरोगी दात उपटून व्यापारी इंग्लंडला घेऊन गेले आणि श्रीमंतांच्या कवळ्यांत ते बसवले गेले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव त्या मालाला पुढे बराच काळ चिकटले. जिवंतपणी ज्याला दंतवैद्य परवडत नव्हता, त्याचे दात मेल्यावर दंतवैद्याच्या दुकानात पोचले.

भारतात काडतुसाचा हा इतिहास १८५७ मुळे सर्वांना ठाऊक आहे. एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला लावलेल्या चरबीवरून शिपायांत असंतोष भडकला, तेव्हा सरकारने पुडी दातांऐवजी बोटांनी फाडायची मुभा दिली. पण तोवर विश्वास उडालेला होता. पुढच्या दशकात स्नायडर बंदूक आली. ती मागून भरायची आणि तिचे काडतूस फाडावेच लागत नसे. १८६६ नंतर ब्रिटिश सैन्यात दातांनी काडतूस फाडण्याची गरज संपली. भरतीतली दातांची तपासणी मात्र चालूच राहिली, कारण आता प्रश्न अन्न चावण्याचा होता.

उपचाराचे काय? सतराव्या शतकापासून सैन्याच्या आणि जहाजांच्या शल्यवैद्याकडे दात काढण्याची हत्यारे असत. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन वुडॉल याने १६१७ साली जहाजावरच्या वैद्यांसाठी ‘द सर्जन्स मेट’ हे पुस्तक लिहिले. पेटीत काय काय असावे याच्या त्याच्या यादीत दात उपटण्याच्या पकडी आणि कोरण्याची हत्यारे आहेत. पुढची अडीचशे वर्षे यात मोठा फरक पडला नाही. दुखतो तो दात काढून टाकणे, एवढीच लष्करी दंतसेवा. दात भरून वाचवणे, कवळी बसवणे, जबडा मोडल्यास दात एकमेकांवर नीट बसतील असा सांधणे ही कामे पलटणीच्या डॉक्टरला शिकवलेलीच नसत. ती हवी असतील तर छावणीबाहेर, गावात, पदरचे पैसे मोजून. अधिकाऱ्याला ते जमे. शिपाई न्हाव्याकडे, लोहाराकडे किंवा जत्रेतल्या दात काढणाऱ्याकडे जाई. ब्रिटनमध्ये १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली, पण ‘दंतवैद्य’ अशी पाटी न लावता दात काढण्याला कोणाचीही बंदी नव्हती. धंद्यात पात्र माणसे थोडी आणि हौशे-नवशे जास्त, अशी स्थिती विसाव्या शतकातही बरीच वर्षे टिकली.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी दिसतात. उत्तरेच्या सैन्यात दंतवैद्यांची वेगळी व्यवस्था नव्हती. दक्षिणेत नाकेबंदीमुळे सोन्याचा वर्ख, औषधे, हत्यारे यांचे भाव गगनाला भिडले. सोन्याने दात भरून घ्यायचा तर साध्या शिपायाचा कित्येक महिन्यांचा पगार जाई. तेव्हा १८६४ साली दक्षिणेच्या सरकारने दंतवैद्यांना सक्तीने बोलावून इस्पितळांत नेमले. अटलांटाचा दंतवैद्य जेम्स बॅक्स्टर बीन याने मोडलेल्या जबड्यांसाठी कडक रबराचा साचा बनवला. वरच्या-खालच्या दातांवर तो बसवला की तुटलेली हाडे जागच्या जागी राहत. उत्तरेत न्यूयॉर्कचा नागरी दंतवैद्य थॉमस गनिंग अशाच साच्यांवर काम करत होता आणि १८६५ साली परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांचा मोडलेला जबडा त्याने सांधला. युद्ध संपताच दक्षिणेतली ही सोय मोडीत निघाली. पराभूत बाजूने शिकलेला धडा जिंकलेल्या बाजूने गिरवला नाही, याला कारण पैशांची काटकसर जितकी, तितकीच दंतवैद्य हा खरा डॉक्टर नाही ही लष्करी डॉक्टरांची समजूतही होती.

ब्रिटिश सैन्याला हा धडा दक्षिण आफ्रिकेत शिकावा लागला. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा शहरांतल्या कामगारवस्तीतून आलेल्या रंगरुटांची प्रकृती पाहून भरतीचे डॉक्टर हैराण झाले होते. १८९० नंतरच्या दशकात भरतीसाठी आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नापास होत आणि किडलेले किंवा पडलेले दात हे त्यामागचे एक ठळक कारण होते. जे पास झाले त्यांच्या तोंडाचीही फार वेगळी गत नव्हती. साखर स्वस्त झाली होती, ब्रश घरोघर पोचला नव्हता, आणि गरिबाने दात दुखला की काढून टाकायचा हा रिवाज होता.

अशा दातांच्या माणसांपुढे सैन्याने शिधा म्हणून ठेवला तो डबाबंद मांस आणि बिस्किटे. हे बिस्किट म्हणजे चहाबरोबरचे मऊ बिस्किट नव्हे. पीठ आणि पाणी मळून, भोके पाडून, भाजून दगडासारखी केलेली ती चौकोनी चकती असे. महिनोन्‌महिने खराब होऊ नये म्हणून तिच्यात ओलावा राहूच दिला जात नसे. शिपाई ती पाण्यात भिजवून खात, संगिनीच्या मुठीने ठेचून लापशी करत. पहिल्या महायुद्धात काहींनी तिच्यावर पत्ता लिहून, तिकीट लावून ती घरी पाठवली, तर काहींनी मधोमध कोरून तसबिरीची चौकट केली. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत अशी बिस्किटे शंभर वर्षांनंतरही अखंड आहेत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीतला दुसरा भाग बोअर युद्धातल्या शिपायाला तंतोतंत लागू होता. दातांच्या दुखण्याने हजारोंना इस्पितळात दाखल व्हावे लागले आणि दोन हजारांवर माणसे लढाईच्या कामाची न राहिल्याने मायदेशी परत पाठवावी लागली. हजारो मैल जहाजाने नेलेला, शिकवून तयार केलेला शिपाई शत्रूची गोळी न लागताच, दाढेपायी परत येत होता.

सरकार हलण्याआधी एक नागरी दंतवैद्य हलला. फ्रेडरिक न्यूलँड-पेडली हा लंडनच्या गाइज इस्पितळातला दंतशल्यचिकित्सक होता. तिथली दंतवैद्यकाची शाळा १८८९ साली त्याच्याच पुढाकाराने निघाली होती. १९०० साली तो स्वतःच्या खर्चाने दक्षिण आफ्रिकेला गेला आणि डीलफाँटेन इथल्या इम्पीरियल योमनरी इस्पितळात त्याने काम मांडले. त्याच्यापुढे रांग लागली ती कधीच हटली नाही. त्याने घेतलेला अनुभव लंडनला पोचला, १८८० पासून असलेल्या ब्रिटिश डेंटल असोसिएशनने युद्धखात्यापुढे दातांच्या कण्या केल्या, आणि १९०१ साली सरकारने करारावर चार दंतवैद्य पाठवले. लाखांच्या घरातल्या फौजेला चार. त्याच युद्धात कॅनडाने आपल्या तुकड्यांबरोबर दंतवैद्य धाडले होते. युद्ध संपल्यावर मायदेशी काही दंतवैद्य कामावर ठेवले गेले, पण शांततेच्या काळात ती पदेही गळत गेली आणि गरजेप्रमाणे छावणीजवळच्या नागरी दंतवैद्याकडून काम करून घ्यायचे यावर भागू लागले. दात कोरून पोट भरत नाही हे युद्धखात्याच्या हिशेबनिसांना १९१४ पर्यंत कोणी समजावले नाही.

अमेरिकेने याच सुमारास वेगळी वाट धरली. स्पेनशी झालेल्या १८९८ च्या युद्धानंतर फिलिपीन्स आणि क्युबात अमेरिकी फौजा होत्या, आणि तिथे गावात जाऊन दात दाखवावेत असे नागरी दंतवैद्य जवळपास नव्हतेच. फेब्रुवारी १९०१ मध्ये काँग्रेसने सैन्याला तीस कंत्राटी दंतशल्यचिकित्सक नेमण्याची परवानगी दिली. जॉन सेयर मार्शल हा त्यांतला पहिला. यांना हुद्दा नव्हता. कायद्याच्या नजरेत ते सैन्याबरोबर काम करणारे नागरिकच होते. दहा वर्षे त्यांनी सैनिकांचे दात भरले, काढले आणि सोबत हुद्द्यासाठी अर्जही केले. ३ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याचे दंतदल स्थापन झाले, पुढल्या वर्षी नौदलाचे. ब्रिटनच्या आधी दहा वर्षे.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनची पहिली फौज फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा तिच्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. बोअर युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. मग एन नदीकाठच्या लढाईच्या काळात पहिल्या कोअरचा सेनापती डग्लस हेग याची दाढ दुखू लागली. दुखणे असह्य झाले आणि फौजेत कोणी नसल्यामुळे पॅरिसहून नागरी दंतवैद्य बोलावावा लागला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ब्रिटनमधून डझनभर दंतवैद्य फ्रान्सला रवाना झाले आणि वर्षअखेरीस त्यांची संख्या वीसवर गेली. हजारो शिपायांच्या दाढांनी जे झाले नाही ते सेनापतीच्या एका दाढेने झाले, अशी ही कथा लष्करी दंतवैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे, पण सगळे श्रेय दाढेला देणेही बरोबर नाही. फौज रोज वाढत होती, भरतीसाठी येणाऱ्यांचे दात १९०० सालच्या रंगरुटांपेक्षा बरे नव्हते, आणि खंदकांत हिरड्यांचा एक वेदनादायक आजार पसरू लागला होता. त्याला पुढे ‘ट्रेंच माउथ’ असेच नाव पडले. दंतवैद्य लागणारच होते. हेगच्या दुखण्याने फायलीवर सही लवकर झाली.

हेगचा दात काढला तो ऑगस्ट शार्ल व्हालादिए याने, असेही सांगतात. याला ठोस पुरावा नाही, पण व्हालादिएचे खरे काम त्या दंतकथेपेक्षा मोठे आहे. १८७३ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेत वाढला, फिलाडेल्फियात दंतवैद्यक शिकला आणि १९१० च्या सुमारास परत येऊन पॅरिसमध्ये श्रीमंतांचे दात पाहू लागला. युद्ध सुरू होताच तो ब्रिटिश रेडक्रॉसकडे गेला. त्याच्या रोल्स-रॉइस मोटारीत दंतवैद्याची खुर्ची बसवलेली होती, आणि ब्रिटिश सेनापतींची तोंडे त्याने त्याच मोटारीत सोन्याने भरली, असे हॅरोल्ड गिलीज याने पुढे गमतीने लिहून ठेवले आहे. बूलोनजवळच्या विमरू इथल्या इस्पितळात त्याला चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग मिळाला. खंदकात माणूस डोके वर काढतो, म्हणून या युद्धात जबड्यांच्या आणि चेहऱ्यांच्या जखमा पूर्वी कधी नव्हत्या एवढ्या होत्या. शल्यवैद्य अशी जखम घाईने शिवून टाके आणि आतली हाडे वाकडी जुळत. माणूस जगे, पण त्याचे तोंड उघडेना, घास गिळता येईना. व्हालादिए जखम धुऊन मोकळी ठेवी, दातांच्या आधाराने जबडा आधी जागेवर आणी आणि कातडीचा विचार मागाहून करी. कानानाकाघशाचा तरुण शल्यवैद्य गिलीज १९१५ साली त्याच्याकडे पोचला तो त्याच्यावर देखरेख करायला, कारण व्हालादिएला शस्त्रक्रिया करण्याचा ब्रिटिश परवाना नव्हता. प्रत्यक्षात शिकला गिलीजच. १९१६ साली त्याने ऑल्डरशॉटला आणि १९१७ पासून सिडकपच्या क्वीन्स इस्पितळात जे काम उभे केले, त्याला आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया मानतात. तिथे त्याच्या शेजारी विल्यम केल्सी फ्राय हा दंतशल्यचिकित्सक असे. जबडा दंतवैद्याने सावरायचा आणि वरचे मांस-कातडे शल्यवैद्याने, ही वाटणी त्या दोघांची. व्हालादिएला १९२१ साली ‘सर’ किताब मिळाला. १९३१ साली तो मेला तेव्हा पैसे उरले नव्हते.

मायदेशी गोंधळ वेगळाच होता. सुरुवातीला दात वाईट म्हणून परत पाठवलेल्या तरुणांना काही महिन्यांनी ‘दातांवर उपचार करण्याच्या अटीवर पास’ असा शेरा मारून घेतले जाऊ लागले. हे उपचार करणार कोण? शहरांतल्या दंतवैद्यकाच्या शाळा, धर्मादाय दवाखाने आणि खासगी दंतवैद्य. काहींनी फुकट केले, काहींनी ठरलेल्या दराने. त्याच वेळी कितीतरी पात्र दंतवैद्य देशप्रेमाच्या भरात साधे शिपाई म्हणून नोंदले गेले आणि बंदूक घेऊन खंदकात बसले. त्यांना शोधून बाहेर काढून हातात हत्यारे द्यायला सैन्याला वेळ लागला. अमेरिकेतही १९१७ साली युद्धात उतरण्याच्या सुमारास ‘प्रिपेअर्डनेस लीग ऑफ अमेरिकन डेंटिस्ट्स’ या संघटनेतले नागरी दंतवैद्य आपापल्या दवाखान्यांत रंगरुटांचे दात मोफत दुरुस्त करत होते. कॅनडाने मे १९१५ मध्ये स्वतंत्र दंतदल उभारले आणि त्याच वर्षी न्यूझीलंडनेही. गॅलिपोलीला गेलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अँझॅक फौजेत मात्र सुरुवातीला दंतवैद्य नव्हते. पलटणीत शिपाई म्हणून आलेल्या दंतवैद्यांनी मिळेल त्या हत्यारांनी कसेबसे भागवले.

युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात आठशेहून अधिक दंतवैद्य होते, तरी त्यांचे स्वतःचे दल नव्हते. ४ जानेवारी १९२१ च्या राजाज्ञेने आर्मी डेंटल कोअर स्थापन झाले. १९४६ साली त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९२१ हेच वर्ष ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्यांना दंतवैद्यकाची दारे बंद करणाऱ्या कायद्याचेही. धंद्याला नागरी जगात प्रतिष्ठा मिळाली आणि लष्करात हुद्दा मिळाला, हे दोन्ही एकाच वर्षी झाले. वर्षानुवर्षे एकाच तक्रारीचे दोन धागे ओढले जात होते, तेव्हा याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेने एक जुनी चूक नव्या आकड्यांनी करून पाहिली. १९४० सालच्या भरतीच्या नियमात समोरच्या दातांच्या तीन आणि चावायच्या दातांच्या तीन, अशा एकमेकांवर बसणाऱ्या सहा जोड्या हव्या होत्या. मंदीची दहा वर्षे काढलेल्या देशाला ही अट जड गेली. पहिल्या वीस लाख तपासण्यांत जवळपास निम्मे तरुण नाकारले गेले आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शाचे कारण दात होते. इतर कोणत्याही एका दुखण्याने एवढी माणसे गाळली नव्हती. १९४२ साली ही अट जवळपास सोडून देण्यात आली. माणूस आधी घ्यायचा आणि दात नंतर दुरुस्त करायचे, असे ठरले. त्यासाठी देशातल्या दंतवैद्यांचा मोठा हिस्सा गणवेशात घ्यावा लागला आणि गावोगावच्या नागरिकांना आपला नेहमीचा दंतवैद्य काही वर्षे मिळेनासा झाला.

भारतात या इतिहासाला उशिरा सुरुवात झाली. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या काळात हिंदी शिपाई बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावत पलटणीत येई, आणि दात दुखलाच तर पलटणीच्या इस्पितळात तो काढला जाई. नागरी दंतवैद्याकडे जाण्याचा प्रश्नच फारसा नव्हता, कारण शिकलेला दंतवैद्य मुंबई-कलकत्त्यासारखी शहरे सोडली तर दुर्मीळ होता. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला दंतवैद्यकाचे महाविद्यालय काढले ते १९२० साली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. सुमारे दोन लाखांची हिंदी फौज दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर गेली, तेव्हा १ फेब्रुवारी १९४१ रोजी इंडियन आर्मी डेंटल कोअर उभारले गेले. स्वातंत्र्यानंतर तेच आर्मी डेंटल कोअर झाले आणि नाव ‘आर्मी’ असले तरी नौदल आणि हवाई दलाचे दातही तेच पाहते. नागरी दंतवैद्यकाला भारतात कायद्याची चौकट मिळाली ती त्यानंतर, १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने. म्हणजे देशभरातल्या दंतवैद्यांची नोंद सुरू होण्यापूर्वी लष्कराचे दंतदल तयार होते. ब्रिटन-अमेरिकेच्या नेमका उलटा क्रम.

भारतीय सैन्याच्या भरतीत दातांची तपासणी आजही आहे आणि तिचा हिशेब चक्क गुणांनी होतो. वरचा दात खालच्या दातावर नीट बसत असेल तरच गुण मिळतो. समोर जोडीदार नसलेला दात कितीही चांगला असला तरी शून्य. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला एक गुण, पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या जोडीला दोन. अक्कलदाढा पूर्ण वाढून एकमेकींवर बसत असतील तर प्रत्येक जोडीला दोन, अर्धवट असतील तर एक. बत्तीस दात असलेल्या तोंडाला अशा रीतीने बावीस किंवा वीस गुण होतात. पास व्हायला किमान चौदा लागतात आणि ते समोरच्या व मागच्या दातांत विभागलेले असावे लागतात. भरतीच्या मैदानात डॉक्टर एकेका तोंडात डोकावून ही बेरीज काही क्षणांत करतो. गुण कमी पडू नयेत म्हणून तयारी करणारी मुले आधीच गावातल्या किंवा तालुक्यातल्या दंतवैद्याकडे जाऊन किडलेला दात भरून घेतात. सैन्याच्या दंतसेवेची सुरुवात आजही अशी नागरी खुर्चीत, उमेदवाराच्या पैशांनी होते.

गणवेशातला दंतवैद्य मिळाला म्हणून नागरी दंतवैद्याची गरज संपली नाही. तिची जागा बदलली. पहिला प्रश्न कुटुंबांचा. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने सैनिकांच्या बायकामुलांना सरकारी खर्चाने नागरी इस्पितळात जाण्याची सोय झाली, पण दातांचे उपचार त्यातून जवळजवळ पूर्ण वगळले होते. मोठ्या आजाराच्या उपचाराचा भाग म्हणून दात पाहावा लागला तरच तो खर्च धरला जाई. कुटुंबांसाठी दातांचा विमा आला तो तीस वर्षांनी, १९८७ साली. दुसरा प्रश्न छावणीपासून दूर नेमलेल्या सैनिकांचा: भरती कार्यालयात, विद्यापीठात, एखाद्या दूरच्या राज्यात चारदोन जण असतात, त्यांच्यासाठी दवाखाना काढता येत नाही. लष्करी दंत दवाखान्यापासून पन्नास मैलांच्या पलीकडे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या अमेरिकी सैनिकाला गावातल्या खासगी दंतवैद्याकडे जाता यावे अशी योजना २००९ साली एका विमा कंपनीमार्फत सुरू झाली.

तिसरा प्रश्न राखीव दलांचा, आणि तोच सर्वांत अवघड ठरला. १९९०–९१ च्या आखाती युद्धात आणि पुन्हा २००३ साली अमेरिकेने राखीव सैनिकांना बोलावले, तेव्हा दातांमुळे न पाठवता येण्यासारखे लोक मोठ्या संख्येने निघाले. हा माणूस एरवी नागरिक. त्याचा दंतवैद्यही नागरी, आणि त्याचा खर्चही त्याचाच. सैन्याने दातांच्या स्थितीचे चार वर्ग केले आहेत. पहिले दोन पाठवण्याजोगे. तिसऱ्यात वर्षभरात तातडीचे दुखणे उद्भवेल अशी तोंडे. चौथ्यात ज्यांची तपासणीच झालेली नाही असे. राखीव सैनिकाने आपल्याच दंतवैद्याकडे जाऊन लष्कराचा एक छापील अर्ज भरून आणायचा असतो. त्यावर खासगी दवाखान्यातला, कधी छावणी न पाहिलेला दंतवैद्य खूण करून सही करतो, आणि त्या सहीवर एक शिपाई युद्धाला जायला लायक ठरतो.

ब्रिटनमध्ये सेवेतल्या सैनिकाचे दात लष्करी दंतसेवा पाहते. त्याच्या बायकामुलांचे मात्र राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे. दर दोन-तीन वर्षांनी बदली झाली की नव्या गावात सरकारी दंतवैद्याच्या यादीत पुन्हा तळापासून उभे राहायचे, ही तिथल्या लष्करी कुटुंबांची जुनी तक्रार आहे. २०२१ च्या कायद्याने स्थानिक आरोग्यसंस्थांवर लष्करी कुटुंबांच्या अडचणी ध्यानात घेण्याचे बंधन घातले. पण बंधनाने दंतवैद्यांची संख्या वाढत नाही, आणि खरी टंचाई तिथेच आहे. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल आर्मी डेंटल कोअरचे वेगळे अस्तित्व संपले आणि डॉक्टर व परिचारिकांच्या दलांबरोबर ते रॉयल आर्मी मेडिकल सर्व्हिसमध्ये विलीन झाले.

भारतात सेवेतल्या जवानाला आणि त्याच्या कुटुंबाला लष्करी दंतकेंद्र आहे. जवान रजेवर गावी असेल आणि जवळ लष्करी रुग्णालय नसेल, तर तातडीच्या प्रसंगी नागरी रुग्णालयात जाऊन खर्चाचा परतावा मागता येतो. पण दुखरी दाढ तातडीच्या व्याख्येत सहसा बसत नाही, म्हणून बहुतेक जवान गोळी घेऊन दिवस काढतात किंवा गावातच पैसे देऊन मोकळे होतात. निवृत्तांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ईसीएचएस, सुरू झाली. त्याआधी निवृत्त माणूस लष्करी रुग्णालयात जागा असेल तर जाई, नसेल तर स्वतःच्या खर्चाने. योजनेत निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरायची; १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती माफ होती. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली, पुढे त्यांची संख्या चारशेच्या वर गेली.

पॉलिक्लिनिकमध्ये दातांची खुर्ची आणि करारावरचा दंतवैद्य असतो. तो कधी निवृत्त लष्करी अधिकारी, कधी गावातलाच नागरी डॉक्टर. तपासणी, दात काढणे, भरणे ही कामे तिथेच होतात. त्यापुढचे काम असेल तर तो रेफरल देतो आणि रुग्ण यादीवरच्या खासगी दंत दवाखान्यात जातो. दर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेप्रमाणे ठरलेले असतात, आणि बिल रुग्णाला न देता थेट योजनेकडे जाते. २०१२ पासून ही बिले ऑनलाइन तपासली जातात. दर बाजारभावापेक्षा कमी आणि पैसे यायला उशीर, म्हणून चांगले दवाखाने यादीवर टिकत नाहीत, ही दोन्ही बाजूंची कुरकुर आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणाऱ्या गावातल्या निवृत्त हवालदाराला दातांच्या अशा कामासाठी साताऱ्याचे पॉलिक्लिनिक गाठावे लागते, रेफरल घ्यावा लागतो, आणि मग यादीवरचा दवाखाना ज्या शहरात असेल तिथे तारीख मिळवावी लागते.